दुधाचं कॅरमल रवाळ होतंय? आधी दाणा ओळखा, मग उपाय करा

दुधाचं कॅरमल बिघडलं की तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दात येते: 'रवाळ झालंय.' चव चांगली असते, रंगही छान आलेला असतो, पण जिभेवर खरखर लागते. असं बिघडलेलं कॅरमल मी वरचेवर दुरुस्त करत आले आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली आहे. 'रवाळ' हा एकच बिघाड नाही, त्यामागे चार वेगळी कारणं असू शकतात. एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर उरलंसुरलं कॅरमलही हातचं जातं. बहुतेक जण इथेच चुकतात. दाणे दिसले की अजून आटवतात, नाहीतर सरळ मिक्सरमध्ये फिरवतात.

खालचे आकडे या प्रमाणासाठी आहेत: 1 लिटर साय न काढलेलं गायीचं दूध, 250 ग्रॅम साखर, पाव ते अर्धा छोटा चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ. मंद ते मध्यम आचेवर आटायला दीड ते दोन तास लागतात.

लक्षणं

दाणे कधी दिसले हे आधी आठवा. निम्मं उत्तर त्यातच मिळतं.

दूध आटत असतानाच मऊ, पांढुरके किंवा फिकट तपकिरी कण दिसू लागले आणि कडेने पातळ पाणी सुटलं, तर दूध फाटलं आहे. कण बोटांत दाबले तर चेपतात, खरखरत नाहीत.

कॅरमल उतरवताना गुळगुळीत होतं, पण दुसऱ्या दिवशी बरणीच्या कडेला आणि वरच्या थरात चमकणारे दाणे दिसले, आणि ते दाताखाली कुरकुरून लगेच गोड लागले, तर ती आपण घातलेली साखर आहे.

पहिले काही दिवस सगळं ठीक होतं आणि मग हळूहळू सगळ्या बरणीत बारीक वाळू झाल्यासारखं लागू लागलं, तर ती दुधाची स्वतःची साखर, म्हणजे लॅक्टोज. हे कण कडक असतात, जिभेवर उशिरा विरघळतात आणि फारसे गोड नसतात, कारण लॅक्टोज साध्या साखरेच्या मानाने खूपच कमी गोड असतं.

गडद तपकिरी किंवा काळे कण आणि सोबत कडवट वास असेल, तर बूड लागलं आहे.

पहिली तपासणी: वाटीभर गरम पाणी

याला खर्च काही नाही आणि चुकण्याची शक्यताही कमी. छोट्या वाटीत चमचाभर कॅरमल घ्या, त्यावर चार चमचे कडकडीत गरम पाणी ओता, ढवळा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. घाई करू नका, लॅक्टोज सावकाश विरघळतं. मग वाटी उजेडात तिरपी धरा.

कण नाहीसे झाले तर ती साखर होती, घातलेली किंवा दुधातली. कण तसेच तरंगत किंवा तळाशी मऊ गाळासारखे राहिले तर ते दुधातलं प्रथिन आहे. ते एकदा गोळा झालं की कितीही गरम करा, परत विरघळत नाही. काळे कण राहिले तर ती खरवड.

पुढच्या तपासण्यांपैकी तुम्हाला कोणत्या लागू आहेत हे इथे ठरतं. प्रथिनाचे कण असतील तर सोडा, दूध आणि आच बघा. साखर असेल तर थेट वजनाकडे आणि थंड करण्याकडे जा.

सोड्याचा डबा वाचा

खायचा सोडा आणि बेकिंग पावडर एकच नव्हेत. बेकिंग पावडरमध्ये सोड्याबरोबर आम्लयुक्त क्षारही असतात. आपल्याला इथे दुधातलं आम्ल मारायचं आहे, त्यामुळे ती घालून काम होत नाही. डब्यावरचं नाव वाचायला अर्धं मिनिट लागतं, तेव्हा ते आधी करा.

सोड्याची गरज का, तेही समजून घ्या. ताज्या दुधाचा पीएच साधारण 6.6 ते 6.7 असतो, म्हणजे ते किंचित आम्लच असतं. दूध आटतं तसं पाणी जातं आणि आम्ल, क्षार, प्रथिनं सगळी दाट होत जातात. सुरुवातीला निरुपद्रवी असलेलं आम्ल शेवटच्या टप्प्यात, त्यात उष्णतेची भर पडल्यावर, दूध फाडायला पुरेसं ठरतं. म्हणूनच बहुतेक कॅरमल सुरुवातीला नाही, तर अर्ध्याहून जास्त आटल्यावर फाटतं. सोडा हे आम्ल शमवतो.

त्याचं दुसरं काम रंगाचं. दुधाच्या कॅरमलचा तपकिरी रंग साखर जळून येत नाही. साध्या साखरेचं कॅरमल व्हायला 160 अंश सेल्सियसच्या वर जावं लागतं, आणि आपलं पातेलं 100 अंशांच्या थोडंच वर उकळत असतं. हा रंग आणि ती चव लॅक्टोज आणि दुधातली प्रथिनं यांच्यातल्या अभिक्रियेतून येते. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी 1912 मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून तिला मायार अभिक्रिया म्हणतात. आम्ल कमी झालं की ती वेगाने होते. त्यामुळे कॅरमल दोन तासांनंतरही फिकटच राहत असेल तर संशय सोड्यावरच घ्यावा: घालायचा राहिला, नाहीतर जुना होऊन मेला. चिमूटभर सोड्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. जोरात फसफसला नाही तर नवा आणा.

जास्त सोडा घालून मात्र काही साधत नाही. अर्ध्या चमच्याच्या वर गेलं की साबणासारखी चव येते आणि रंग फार लवकर गडद होतो. मग दाट व्हायच्या आधीच 'झालं' असं वाटून आपण ते उतरवतो. सोडा चमचाभर पाण्यात विरघळवून, पातेलं आचेवरून बाजूला घेऊन घाला. फेस भसकन वर येतो, म्हणून पातेलं दुधाच्या किमान तिप्पट मापाचं हवं.

दूध तपासा

पूर्ण लिटर आणि दोन तास खर्ची घालण्याआधी दोन-तीन चमचे दूध छोट्या भांड्यात उकळून बघा. भांड्याच्या कडेला बारीकशी कणी दिसली तरी ते दूध या कामाचं नाही, मग चहाला चालत असलं तरी. चहासाठी ते एकदाच उकळतं. इथे त्याला निम्म्याहून कमी व्हायचं आहे.

साखर कोणती घालता तेही बघा. गूळ, ब्राउन शुगर किंवा मध यांच्यात स्वतःचं आम्ल असतं. पांढऱ्या साखरेने नीट होणारं कॅरमल त्यांच्यामुळे फाटू शकतं. ती चव हवीच असेल तर कॅरमल तयार होऊन कोमट झाल्यावर थोड्या प्रमाणात मिसळा.

फाटलेलं कॅरमल वाचवायचं तर लवकर वाचवा. कण अजून मऊ असतील तर आच बंद करून, थोडं निवू देऊन हँड ब्लेंडर फिरवा आणि बारीक गाळणीतून गाळून परत आटवायला ठेवा. ब्लेंडरचं पातं पूर्ण बुडलेलं हवं, नाहीतर गरम कॅरमल अंगावर उडतं. कण रबरासारखे चिवट झाले असतील तर ब्लेंडरने ते फक्त लहान होतात, जात नाहीत. मग नुसतं गाळून घ्या आणि जे मिळेल ते सॉस म्हणून वापरा.

आच आणि बूड

जाड बुडाचं पातेलं, ही पहिली अट. पहिला तास अधूनमधून ढवळलं तरी चालतं. दूध दाटायला लागलं आणि बुडबुडे मोठे, जड होऊन फुटू लागले की शेवटची वीस-पंचवीस मिनिटं हात थांबवायचा नाही. सपाट टोकाचा लाकडी किंवा सिलिकॉनचा कालथा वापरा, गोल चमच्याने पातेल्याचा कोपरा सुटतो आणि खरवड नेमकी तिथेच धरते.

इंडक्शनवर बूड गोल रिंगणात लागतं अशी तक्रार बरेचदा ऐकते. अनेक इंडक्शन शेगड्या कमी पॉवरवर सलग तापत नाहीत. पूर्ण जोराने चालू होतात, बंद होतात, परत चालू होतात. पातळ बुडाच्या पातेल्याला ते झटके सोसत नाहीत. उपाय जाड बुडाचाच.

बूड लागल्याचा वास आला की खरवडायचं नाही. तळाला अजिबात हात न लावता वरचं कॅरमल दुसऱ्या पातेल्यात ओता आणि चाखून बघा. कडवटपणा नसेल तर गाळून पुढे चालू ठेवा. असेल तर टाकून द्या. करपट चव साखरेने, मिठाने, व्हॅनिलाने, कशानेही झाकत नाही.

साखरेबद्दलही इथेच सांगते. उकळी येण्याआधी ती पूर्ण विरघळली पाहिजे. पातेल्याच्या कडेला वाळलेले साखरेचे कण ओल्या ब्रशने पुसून खाली घ्या आणि शेवटी कडेची सुकलेली पापडी खरवडून कॅरमलमध्ये मिसळू नका. त्या एका पापडीतले कण पुढे सगळ्या बरणीत स्फटिक वाढवायला पुरतात.

वजन करा

साखरेच्या दाण्यांसाठी माझा सर्वांत जास्त भरवसा या तपासणीवर आहे. स्वयंपाकघरात वजनकाटा असेल तर खर्चही नाही.

गरम कॅरमल नेहमी पातळ दिसतं. थंड झाल्यावर ते किती घट्ट होईल याचा अंदाज डोळ्याला येत नाही, म्हणून माणूस आटवत राहतो. सुरुवातीलाच रिकाम्या पातेल्याचं वजन लिहून ठेवा. एक लिटर दुधात, वरून घातलेली साखर सोडून, साधारण सव्वाशे ग्रॅम घन पदार्थ असतात. त्यात 250 ग्रॅम साखर मिळवली की 375 ग्रॅम. चमच्यावर बसणाऱ्या पण ओतता येणाऱ्या कॅरमलमध्ये सुमारे 70 टक्के घन आणि 30 टक्के पाणी असतं. म्हणजे तयार कॅरमल 535 ग्रॅमच्या आसपास भरायला हवं, आणि त्यात पाणी 160 ग्रॅम.

खोलीच्या तापमानाला 100 ग्रॅम पाण्यात साधारण 200 ग्रॅम साखर विरघळते. 160 ग्रॅम पाण्यात आपली 250 ग्रॅम साखर आरामात मावते. आता हेच कॅरमल 480 ग्रॅमपर्यंत आटवलं तर पाणी उरतं जेमतेम 105 ग्रॅम, आणि त्यात मावते 210 ग्रॅम साखर. उरलेली 40 ग्रॅम बाहेर पडणारच. हिशेब ढोबळ आहे, दुधागणिक थोडाफार हलेल, पण कारण यातून स्वच्छ दिसतं: दुसऱ्या दिवशीचे चमकणारे दाणे हे बहुतेक वेळा जास्त आटवल्याचे असतात. साखर कमी घालून ते टळतीलही, पण मग चव आणि टिकाऊपणा दोन्ही जातात.

काटा नसेल तर फ्रीजरमध्ये ठेवलेल्या बशीवर थेंब टाका, अर्धा मिनिट थांबा आणि त्यातून बोट फिरवा. रेघ सावकाश मिटत असेल तर उतरवा. रेघ अजिबात मिटत नसेल तर तुम्ही पुढे गेला आहात.

जास्त आटलेलं परत आणता येतं. वजनात जेवढं कमी भरलं तेवढं गरम पाणी किंवा दूध घाला, भांडं उकळत्या पाण्यावर धरून दाणे पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा आणि लगेच थंड करा.

थंड करण्याची पद्धत

वाळूचा प्रश्न इथला. वरच्याच कॅरमलमध्ये लॅक्टोज 48 ग्रॅमच्या आसपास असतं. खोलीच्या तापमानाला 100 ग्रॅम पाण्यात ते फक्त 20 ग्रॅमच्या आसपास विरघळतं, फ्रीजमध्ये त्याहूनही कमी. आपल्या 160 ग्रॅम पाण्यात म्हणजे 32 ग्रॅम. बाकीचं आज ना उद्या स्फटिक होऊन बाहेर येणार, तुम्ही कितीही निगुतीने केलंत तरी. आपल्या हातात एवढंच आहे की ते स्फटिक बारीक राहतील असं बघायचं. साधारण 10 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आतले कण जिभेला कळत नाहीत. 16 ते 20 च्या वर गेले की वाळू लागते.

पातेलं झाकून ओट्यावर रात्रभर निवत ठेवलं तर थोडे स्फटिक तयार होतात आणि तेच वाढत राहतात. भराभर थंड केलं तर असंख्य बारीक स्फटिक होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडंच लॅक्टोज येतं. म्हणून आच बंद केली की पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवा, पाणी एक-दोनदा बदला, आणि कोमट होईपर्यंत कालथा सावकाश फिरवत राहा. मग स्वच्छ, कोरड्या बरणीत भरून फ्रीजमध्ये. पुढे बरणी सारखी बाहेर काढून तासन्‌तास ठेवू नका. दर वेळी गरम-गार झालं की लहान स्फटिक विरघळतात आणि मोठे आणखी मोठे होतात. लागेल तेवढंच काढून घ्या.

वाळू झालेलं कॅरमल गरम केलं की गुळगुळीत होतं, पण काही दिवसांत वाळू परत येते. तेव्हा गरम करून दोन-तीन दिवसांत संपवायचं, असा बेत ठेवा.

थोडा खर्च करायची तयारी असेल तर

साखरेतली 40-50 ग्रॅम काढून तेवढंच ग्लुकोज सिरप घाला. साखरेचे स्फटिक त्याने अडतात आणि कॅरमलला चकाकी येते. लॅक्टोजवर मात्र त्याचा इलाज पुरा पडत नाही.

लॅक्टोजचा मुळातून बंदोबस्त हवा असेल तर लॅक्टोज-फ्री दूध वापरा. त्यात लॅक्टेज या विकराने (एन्झाइमने) लॅक्टोजचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे तुकडे केलेले असतात, त्यामुळे वाळू होणारच नाही. पण दोन गोष्टी बदलाव्या लागतात. हे दूध चवीला जास्त गोड असतं, म्हणून साखर 20-30 ग्रॅम कमी करा. आणि रंग फार झपाट्याने चढतो, म्हणून सोडा निम्मा घाला आणि शेवटच्या टप्प्यात पातेल्यापासून हलू नका.

गोड पदार्थात घातल्यावर दाणे का दिसतात

कधी कधी कॅरमल निर्दोष असतं आणि पदार्थात गेल्यावर बिघडतं.

बटरक्रीम फुटून कणीदार दिसलं तर तो तापमानाचा प्रश्न आहे. फ्रीजमधलं कॅरमल मऊ लोण्यात घातलं की लोणी गोठून कण होतात. दोन्ही 20 ते 22 अंशांवर आणून मग फेटा. फुटलंच असेल तर त्यातला पाव भाग किंचित कोमट करून परत मिसळा.

आइस्क्रीममध्ये वाळू लागली तर पाककृतीत दूध पावडर आहे का बघा. दूध पावडरमध्ये जवळजवळ निम्मं लॅक्टोज असू शकतं. कॅरमलमधलं आधीच भरपूर असतं, त्यात ही भर. दूध पावडर काढून त्याऐवजी क्रीम वाढवा. आइस्क्रीम घट्टच होत नसेल तर साखर जास्त झाली आहे. कॅरमल घालताना मूळ साखर त्या हिशेबाने कमी करायला हवी.

आंबट फळांचा रस घालून कॅरमल परत उकळलं की ते फाटतं. फळ वेगळं शिजवा, थंड करा आणि थर म्हणून लावा. केकच्या थरांतून कॅरमल ओघळत असेल तर ते भरण्यासाठीचं नाही, ओतण्यासाठीचं आहे. भरायच्या भागापुरतं थोडं जास्त आटवा आणि त्याच दिवशी वापरा.

इथे थांबा

कंडेन्स्ड मिल्कचा बंद डबा पाण्यात किंवा कुकरमध्ये उकळून कॅरमल करायची पद्धत पुष्कळांना माहीत आहे. ती करू नका. पाणी आटून डबा उघडा पडला की तो फुटू शकतो, आणि आतलं सगळं उकळतं असतं. दूध उघड्या पसरट भांड्यात ओतून, फॉइलने झाकून, गरम पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून ओव्हनमध्ये करा. फुगलेला किंवा गळका डबा तर उघडूच नका, टाकून द्या.

कॅरमल अंगावर उडालं तर ते चिकटतं आणि भाजत राहतं. लगेच वाहत्या थंड पाण्याखाली 20 मिनिटं धरा. बर्फ, तूप, टूथपेस्ट काही लावू नका. चिकटलेला कपडा ओढून काढू नका. भाजलेली जागा तळहाताएवढी किंवा मोठी असेल, चेहऱ्यावर, हातावर किंवा सांध्यावर असेल, किंवा मूल भाजलं असेल, तर घरगुती उपचारांत वेळ न घालवता डॉक्टरकडे जा.

शेगडीची ज्योत पिवळी असेल आणि पातेल्याच्या बुडाला काजळी धरत असेल, तर बर्नर गार असताना त्याची छिद्रं साफ करा. तरीही पिवळीच राहिली तर गॅस दुरुस्त करणाऱ्याला बोलवा. जेट आणि नळीला स्वतः हात घालू नका. गॅसचा वास येत असेल तर झडप बंद करा, खिडक्या उघडा, दिव्याचं बटण दाबू नका आणि बाहेर जाऊन फोन करा. ओव्हनमध्ये एकाच बाजूचं कॅरमल दर वेळी करपत असेल तर आधी स्वतंत्र ओव्हन थर्मामीटर ठेवून बघा. लावलेल्या आकड्यापासून ते फार दूर दाखवत असेल तर ते काम मेकॅनिकचं.

शेवटचं टिकाऊपणाबद्दल. घरचं कॅरमल फ्रीजमध्ये दोन ते तीन आठवडे ठेवा. बुरशी, आंबूस वास किंवा झाकण उघडताना वायू सुटल्याचा आवाज आला तर चाखूनही बघू नका. बरणी हवाबंद करून कपाटात ठेवायचा घरगुती प्रयोग करू नका. दूध कमी आम्लाचं असल्यामुळे बंद बरणीत बॉट्युलिझमचे (जीवघेण्या विषबाधेचे) जिवाणू वाढण्याचा धोका असतो आणि तो वासाने किंवा चवीने कळेलच असं नाही. विक्रीसाठी करायचं असेल तर पहिली बरणी विकण्याआधी अन्न तपासणी प्रयोगशाळेतून वॉटर अॅक्टिव्हिटी, म्हणजे जिवाणूंना वापरता येईल असं मोकळं पाणी किती आहे ते, मोजून घ्या आणि किती दिवस टिकेल हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्या.